ऑल व्हील ड्राइव्ह गाडी टो करायची वेळ आली तर: कशी उचलायची, कशी बांधायची आणि काय अजिबात करू द्यायचं नाही

चौथा_गिअर (धागाकर्ता)

मंडळी, हा प्रकार घडून दीड महिना झाला, आता डोकं शांत झालंय म्हणून सविस्तर लिहितोय. लांब होईल पण वाचा, कुणाची तरी गाडी वाचेल.

रात्री परत येत होतो, टेम्परेचरचा काटा एकदम वर गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ. लगेच बाजूला घेतली, इंजिन बंद. रेडिएटरचा वरचा होस फुटला होता, म्हणजे तसं बघायला गेलं तर किरकोळ काम. टोइंगला फोन केला, अर्ध्या तासात गाडी आली, पण ती पुढची दोन चाकं उचलून मागची जमिनीवर ठेवून ओढणारी. मी त्या मुलाला म्हटलं, अरे ही ऑल व्हील ड्राइव्ह आहे, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते, अशी चालते का? तो म्हणाला, काही होत नाही हो, रोज नेतो, न्यूट्रलला टाका आणि चावी ऑन राहू द्या म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. रात्रीची वेळ, मी दमलेलो, त्याच्या बोलण्यात आत्मविश्वास, टाकली न्यूट्रलला.

२२ किलोमीटर गेलो. वर्कशॉपच्या दारात खाली उतरलो तर करपल्याचा वास. क्लच जळल्यावर येतो तसा, पण गाडीच्या मागच्या बाजूने. वाकून मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या जवळ नुसता तळहात नेला तर हाताला धग लागली. इंजिन बंद, गाडी दुसऱ्याने ओढत आणलेली, आणि मागचा भाग तापलेला!

होस दुसऱ्या दिवशी एका तासात बदलून झाला. गाडी घेऊन निघालो आणि पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून बाहेर काढताना कट्-कट्-कट्, कुणीतरी अर्धा हँडब्रेक ओढून ठेवल्यासारखी गाडी अडखळायला लागली. कपलिंग, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा क्लचचा डबा, खोललं तेव्हा मी समोर उभा होतो. प्लेटा काळ्यानिळ्या पडलेल्या आणि तेल काकवीसारखं घट्ट. मेकॅनिकचं म्हणणं असं की चावी ऑन असल्यामुळे कंट्रोल युनिट जागं होतं, त्याला दिसलं मागची चाकं फिरतायत आणि पुढची थांबलेली, म्हणजे चाकं घसरतायत, म्हणून त्याने कपलिंग आवळून धरलं आणि आम्ही ते तसंच २२ किलोमीटर ओढलं.

होस फुटला त्याने गाडीचं काहीच बिघडलं नव्हतं, जे बिघडलं ते सगळं गाडी "वाचवायला" नेताना. म्हणून हा धागा. एकच गोष्ट ठाम सांगतो, चारही चाकं वर घ्या. दोन वर दोन खाली हे कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी करू देऊ नका. बाकी जाणकारांनी लिहा.

---

पाना_पक्कड

वाईट झालं. असे कपलिंग मी बरेच खोललेत त्यामुळे तुमचं ते काकवीचं वर्णन वाचून अगदी डोळ्यासमोर आलं.

लोकांना हे का होतं ते कळत नाही म्हणून सोपा हिशोब सांगतो. साधारण चाकाचा घेर धरा २ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाक मिनिटाला ५०० वेळा फिरतं. डिफरन्शियलचं प्रमाण धरा ४ ला १, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) टोकाला मिनिटाला २००० फेरे. आता पुढची चाकं टोइंगच्या पाळण्यात घट्ट बांधलेली, तिकडून येणारं टोक शून्यावर. म्हणजे मधल्या त्या छोट्याशा डब्यात एक बाजू २००० ने फिरतेय आणि दुसरी थांबलेली.

नेहमीच्या चालवण्यात हा फरक किती असतो? पूर्ण वळवून पार्किंगमध्ये फिरवली ताशी दहाच्या वेगाने तर पन्नास-साठ फेरे, तेही काही सेकंद. सरळ रस्त्यावर जवळपास नाहीच. ज्या वस्तूची रचना पन्नास फेऱ्यांचा फरक थोडा वेळ सोसायला केलीय तिला तुम्ही वीस-पंचवीस मिनिटं २००० चा फरक देताय, ती जळणारच.

आता आत काय आहे त्यावर कसं मरतं ते ठरतं. मधे साधं ओपन डिफरन्शियल असेल तर त्यातले छोटे पिनियन स्वतःच्या पिनेवर गरागरा फिरतात, त्यांना तेवढं फिरायची सवयच नसते, तेलाचा थर तुटतो आणि पिनेला चिकटून बसतात. व्हिस्कस कपलिंग असेल, म्हणजे सिलिकॉन तेलात भोकं पाडलेल्या पातळ प्लेटा, तर तेल तापून फुगतं, आतला दाब वाढतो आणि प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. हे धोक्याचं आहे, कारण कपलिंग चालत्या टोइंगमध्ये जखडलं की जमिनीवरची चाकं वरच्या चाकांना फिरवायला बघतात आणि बांधलेली गाडी पाळण्यातून निसटू शकते. आणि तुमच्यासारखं इलेक्ट्रॉनिक क्लचवालं असेल तर क्लच प्लेटा करपतात.

---

रानवाट

माफ करा पण थोडं वेगळं मत मांडतो. मी गेली बरीच वर्षं जुनी फोर बाय फोर वापरतो, चिखलात अडकलेल्यांना काढतो, स्वतःची दोनदा मागून उचलून नेलीय, पुढची चाकं जमिनीवर. आजपर्यंत काही झालं नाही. उगाच लोकांना घाबरवू नये असं वाटतं.

---

पाना_पक्कड

रानवाट दादा, तुमचंही बरोबर आणि चौथा_गिअर यांचंही बरोबर, कारण दोन गाड्या वेगळ्या आहेत. तुमच्या गाडीत ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा दांडा आहे ना, २एच (दोन चाकं), ४एच (चार चाकं), एन (न्यूट्रल), ४एल (चार चाकं, हळू गिअर)? २एच मध्ये पुढचा शाफ्ट गिअरबॉक्सपासून सुटलेला असतो. मागची चाकं उचलली, पुढची जमिनीवर आणि पुढचे हब फ्री केले, म्हणजे पुढची चाकं एक्सलपासून सोडवली, की आत काहीच फिरत नाही. पार्ट टाइम फोर बाय फोर म्हणतात ते हे.

काही गाड्यांत ट्रान्सफर केस एन ला टाकून चारही चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढून नेण्याचीही कंपनी परवानगी देते, जीप रँग्लर हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तिथे ट्रान्सफर केसमधलं तेल फिरवायची सोय मागच्या शाफ्टवर असते म्हणून चालतं.

पण आजच्या बहुतेक एसयूव्ही आणि क्रॉसओव्हरना असा दांडाच नाही. बटण असलं तरी ते बटण शाफ्ट सोडवत नाही, नुसतं कॉम्प्युटरला सांगतं. त्या गाडीला मधला न्यूट्रल नाही. गिअरबॉक्सचा न्यूट्रल म्हणजे इंजिनपासून सुटणं, पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून सुटणं नव्हे! हा घोटाळा मी रोज ऐकतो.

---

रानवाट

हे पटलं. दांड्याचा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता, मी सगळ्याच चारचाकी ड्राइव्हना एकाच मापाने मोजत होतो. वरचं विधान माझ्यासारख्या जुन्या गाडीपुरतंच समजावं, नवीन गाडीवाल्यांनी त्यावर जाऊ नये.

---

सोनसळी

माझा एक प्रश्न. नवऱ्याची गाडी एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) आहे आणि गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक. दोन चाकं उचलायची नाहीत हे कळलं. पण मग चारही चाकं जमिनीवर ठेवून दोर लावून टोचन करून नेली तर? चारही सारखीच फिरणार ना, मधे फरक पडणार नाही.

---

पाना_पक्कड

ताई, विचार अगदी बरोबर आहे, मधलं कपलिंग वाचतं. पण मग गिअरबॉक्स मरतो. ऑटोमॅटिक असो वा सीव्हीटी, आतला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र गिअरबॉक्सचा बाहेरचा भाग फिरवत राहतात, बेअरिंग, क्लच, सगळं कोरडं फिरतं. म्हणून काही गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ताशी ५० किलोमीटरच्या आत आणि ५० किलोमीटर अंतराच्या आत चालेल, आणि काहींच्या पुस्तकात सरळ मनाई असते. तुमच्या मॉडेलचं पुस्तक काय म्हणतं तेच शेवटचं, शेजाऱ्याच्या गाडीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नाही.

मॅन्युअल गिअरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. काही गिअरबॉक्समध्ये खालचा शाफ्ट फिरला तरच तेल वर उडतं, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन बंद असताना तो शाफ्ट फिरतच नाही.

दोराने ओढताना आणखी एक. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची मदत दोन-तीन वेळा पॅडल दाबल्यावर संपते, मग पॅडल दगडासारखं कडक होतं, पूर्ण ताकदीने दाबावं लागतं. स्टिअरिंगही जड. सवय नसलेल्या माणसाला मागच्या गाडीत बसवू नये, मी तर म्हणतो दोर लावून मोठ्या रस्त्यावर जाऊच नये.

रस्त्याच्या मधोमध बंद पडली आणि कडेला घ्यायचीय, तर ढकला, ओढा, काही प्रश्न नाही. चालण्याच्या वेगाने पन्नास मीटर नेल्याने काही जळत नाही. अशा वेळी जिवाचा धोका पहिला, गिअरबॉक्स नंतर.

---

निवांत_प्रवास

हायब्रिड आणि इलेक्ट्रिकवाल्यांसाठी लिहितो कारण हा भाग लोक विसरतात. माझ्या हायब्रिडला मागे प्रोपेलर शाफ्टच नाहीये. मागच्या एक्सलवर वेगळी मोटर बसवलेली आहे, पुढचं आणि मागचं फक्त वायरीने जोडलेलं. मला वाटायचं मग दोन चाकं उचलली तर काय होतंय? पण मोटरला चाकाने फिरवलं की ती जनरेटर होते. कायम चुंबक असलेली मोटर असेल तर गाडी बंद असली तरी वीज तयार होणारच, ती कुठेतरी जाणार, आणि मोटरची गारवण्याची व्यवस्था तेव्हा बंद असते. म्हणून पुस्तकात सरळ लिहिलंय, चारही चाकं जमिनीपासून वर.

पूर्ण इलेक्ट्रिकला तर याहून कडक. टेस्लात ट्रान्सपोर्ट मोड असतो पण तो गाडी कॅरियरवर चढवण्यापुरता, चालण्याच्या वेगाने. त्यावर भरोसा ठेवून रस्त्याने ओढत नेणं नाही.

---

कॅरियरवाला

नमस्कार, मी सपाट फाळक्याची फ्लॅटबेड चालवतो, बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. चौथा_गिअर साहेबांचं वाचून वाईट वाटलं, आमच्या धंद्यातल्या माणसाने असं सांगायला नको होतं. माझ्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट फोनवरच सांगा. गाडीचं नुसतं नाव सांगू नका, तेच मॉडेल टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळतं आणि फोन उचलणाऱ्याला तुमची कुठली ते कळत नाही. म्हणा, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच पाठवा, नाहीतर मागच्या चाकांसाठी डॉली घेऊन या. डॉली म्हणजे चार छोट्या चाकांची फ्रेम, जमिनीवर राहिलेली दोन चाकं तिच्यावर बसवतात, म्हणजे गाडीचं एकही चाक फिरत नाही. बेसमेंट पार्किंगमध्ये उंची कमी असते, फ्लॅटबेड आत येत नाही, तिथे डॉलीशिवाय इलाज नसतो. डॉलीची चाकं लहान, लवकर तापतात, म्हणून वेग कमी आणि अधूनमधून थांबून बघावं लागतं.

बरोबर आणखी दोन गोष्टी सांगा, बॅटरी जिवंत आहे का आणि चाकं वळतायत का. यावर मी काय सामान घेऊन निघायचं ते ठरतं. बॅटरी मेली असेल तर हल्लीच्या गाड्या पार्कमधून निघत नाहीत, हँडब्रेकही बटणावर, तोही सुटत नाही. मी जंप पॅक (तात्पुरती जोडायची बॅटरी) घेऊन येतो, नुसता जोडला, चावी ऑन केली, न्यूट्रलला टाकली, ब्रेक सोडला, काम झालं. काही गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी नखाएवढं झाकण असतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर दाबून दांडा हलवता येतो. काहीच जमलं नाही तर चाकांखाली स्केट घालतो, प्लास्टिकच्या घसरपट्ट्या, त्यावरून गाडी सरकते. पण पार्कमध्ये अडकलेली गाडी विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, खरवडत वर ओढणारे पण असतात, ते बघितलं की थांबवा. पार्कचा छोटासा खिट्टा असतो आत, त्यावर सगळा ताण येतो.

ओढायचा हूक. जॅकच्या सामानात स्क्रूने बसणारी कडी मिळते, बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आत पिळायची. बऱ्याच गाड्यांना उलटे आटे असतात, डावीकडे फिरवून बसतात, लोक उजवीकडे पिळून आटे खराब करतात. पान्याच्या दांड्याने शेवटपर्यंत आवळायची, अर्धी बसलेली कडी ताण आला की वाकते. आणि विंच सरळ रेषेत यायला हवी, तिरपी ओढली की कडी मुरगळते. खाली वाकून सस्पेन्शनच्या आर्मला नाहीतर टाय रॉडला साखळी अडकवणाऱ्याला अडकवू देऊ नका, नंतर अलाइनमेंट बसत नाही आणि दोष कुणाचा हे कधीच ठरत नाही.

विंच ताणलेली असताना रेषेत कुणी उभं राहायचं नाही, मागे तर अजिबात नाही. मालक मोबाइलवर फोटो काढत बरोबर मागेच येऊन उभे राहतात, हे मी रोज बघतो.

---

सोनसळी

हे सगळं लिहून ठेवलं. वर चढल्यावर पार्कला ठेवायची का न्यूट्रलला? आणि बांधतात कसं?

---

कॅरियरवाला

ताई, वर चढल्यावर पार्क, हँडब्रेक ओढलेला, आणि चारही टायरवरून पट्टे. टायरवरून पट्टा घातला की गाडी स्प्रिंगवर हलते पण जागेवरून सरकत नाही. बॉडी नाहीतर सस्पेन्शन साखळीने खाली ओढून बांधली तर प्रत्येक खड्ड्याला तिथे झटका बसतो. पार्कच्या भरवशावर पट्टे कमी लावणं हे चूक, गाडी पट्ट्यांनीच धरलेली असली पाहिजे. ओढायची कडी ओढण्यासाठीच, तिच्यावर बांधून प्रवास करायचा नाही. मी पाचेक किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळतो कारण टायर दबून पट्टे थोडे सैल पडतात.

बुटकी गाडी असेल तर फाळक्याच्या तोंडाशी लाकडी फळ्या टाकायला सांगा, चढ सौम्य होतो, पुढचा बंपर घासत नाही. आणि ज्यांच्या गाडीला चोरीचा अलार्म तिरकं झाल्यावर वाजतो त्यांनी तो आधी बंद करावा, नाहीतर वाटभर बोंबलत जातो आणि बॅटरी संपते.

---

चौथा_गिअर

कॅरियरवाला दादा, फार उपकार. त्या रात्री मला हे फोनवर सांगायचं सुचलं असतं तर. मी गाडीचं फक्त मॉडेल सांगितलं होतं आणि तुम्ही म्हणता तसंच झालं असणार, तिकडच्या माणसाला ती टू व्हील वाटली.

एक प्रश्न पाना_पक्कड यांना. वर्कशॉपमधला एकजण म्हणाला की प्रोपेलर शाफ्ट काढून टाकला असता तर दोन चाकांवर नेता आली असती. हे खरं का?

---

पाना_पक्कड

तत्त्वतः खरं. शाफ्ट काढला की पुढचं-मागचं नातं तुटलं, मग मागची चाकं फिरली तरी फक्त मागचं डिफरन्शियल फिरतं आणि त्याला स्वतःचं तेल असतं. फ्लॅटबेड मिळणारच नाही अशा आडजागी लोक करतात.

पण रस्त्याच्या कडेला गाडीखाली झोपून ते करणं मला स्वतःला पटत नाही. फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, खडूने नाहीतर रंगाने खूण न करता काढला तर बसवताना उलटा बसतो, मग बॅलन्स जातो आणि गाडी एका ठरावीक वेगाला थरथरते. काही गाड्यांत शाफ्टचं टोक गिअरबॉक्समध्ये नुसतं घुसवलेलं असतं, बाहेर ओढलं की तिथून तेल गळायला लागतं, भोक बंद करावं लागतं. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेटही सोडवायचा. आणि हे कपलिंग मागच्या डिफरन्शियलला लागून आहे का पुढे गिअरबॉक्सच्या शेपटाला हे माहीत नसताना तर हातच लावू नये. एवढ्या वेळात फ्लॅटबेड येऊन जाते.

याच ओघात जुन्या गाड्यांचं सांगतो, कारण काहीजण म्हणतील पूर्वी असं नव्हतं. १९८०च्या पहिल्या ऑडी क्वाट्रोत मधलं डिफरन्शियल होतं आणि ते ड्रायव्हर हाताने लॉक करायचा. अशी गाडी लॉक केलेल्या अवस्थेत दोन चाकांवर ओढली तर आतल्या आत भांडण लागणारच. काही जुन्या सुबारू ऑटोमॅटिकमध्ये बॉनेटखाली एका रिकाम्या खाचेत फ्यूज घातला की गाडी पुढच्या चाकांवर यायची, बारकी स्टेपनी लावली की वापरायला. पण त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट काही निघून जात नाही, मागची चाकं फिरली की तोही फिरणारच, आणि गिअरबॉक्सच्या कोरड्या पंपाचा प्रश्न तसाच राहतो. त्या फ्यूजला कुणी टोइंगची सोय समजू नये.

---

सर्व्हिस_सोमवार

स्टेपनीचा विषय निघाला म्हणून. दोन चाकं फिरवल्याने जे एका तासात होतं तेच वेगवेगळ्या झिजलेल्या टायरने हळूहळू होतं. टायर लहान-मोठे असले की पुढचे-मागचे फेरे कायम वेगळे, कपलिंग कायम झगडत. सुबारू तर सांगते की चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरहून जास्त फरक नको. एक टायर फुटला म्हणून एकच नवीन टाकला आणि बाकी तीन अर्धे झिजलेले, ही चूक मी केलीय, कपलिंग गेल्यावर कळलं.

आणि वर्कशॉपमध्ये ब्रेक टेस्टच्या रोलरवर दोन चाकं ठेवून फिरवताना पण एडब्ल्यूडी आहे हे सांगा. तोच प्रकार होतो.

---

नवा_स्टिअरिंग

धागा वाचून घाबरलोय. माझी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने अशी ओढली असेल तर कसं कळणार?

---

पाना_पक्कड

घाबरू नका, तपासता येतं. रिकाम्या जागेत ताशी पाच-सात किलोमीटरने स्टिअरिंग पूर्ण वळवून आठाचा आकडा काढा, काचा खाली, गाणी बंद. गाडी अडखळली, उड्या मारल्यासारखी झाली किंवा टायर चिरचिरले तर कपलिंग पूर्ण सुटत नाहीये. सरळ जाताना मधून घरघर येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंग.

मग गाडी वर उचलून खाली बघा. इंजिन आडवं असलेल्या गाड्यांत गिअरबॉक्सला चिकटून मागच्या शाफ्टला ताकद देणारा एक छोटा डबा असतो, पीटीयू म्हणतात. त्यात तेल कित्येक गाड्यांत अर्ध्या लिटरच्या आसपासच असतं. एवढंसं तेल एकदा करपलं की संपलंच, म्हणून त्याच्या सीलपाशी तेलाचा ओलावा दिसला की सोडून देऊ नका. बोल्ट काढून तेल बोटावर घ्या. काळं, करपट वास, बोटांमध्ये चोळलं की चकचकीत कण लागतायत, तर लवकर दाखवा. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर थोडी करडी पेस्ट नेहमीच असते, ती चालते. तुकडे असले तर नाही.

नुसतं तेल खराब आणि बाकी आवाज नाही अशी वेळेवर सापडली तर तेल बदलून बऱ्याचदा वाचते. चौथा_गिअर यांच्यासारखी प्लेट निळी पडली की मग नाही.

---

रानवाट

एक भर घालतो, मी बऱ्याच जणांना चिखलातून काढतो म्हणून. अडकलेल्या एडब्ल्यूडीला बाहेर काढताना लोक समोरून ओढायला लावतात आणि आत बसलेला ॲक्सिलरेटर दाबून चाकं गरागरा फिरवत असतो. एक चाक हवेत फिरतंय, बाकी तीन रुतलेली, तेच कपलिंग पुन्हा तापतं. पाच मिनिटांनी कधी कधी वॉर्निंग येते आणि मागची चाकं सोडून दिली जातात, मालक म्हणतो फोर व्हील बंद पडलं. बंद पडलेलं नसतं, तापलंय म्हणून त्याने स्वतःला सोडवलंय. इंजिन चालू ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा, गार होऊ द्या. तेवढ्या वेळात चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा, टायरची हवा थोडी कमी करा, मग ओढा.

---

सोनसळी

मी काल नवऱ्याच्या गाडीचं पुस्तक काढून टोइंगचं पान शोधलं. चारही चाकं वर, नाहीतर दोन चाकांखाली डॉली, दोनच पर्याय दिलेत, खाली लाल चौकटीत गाडीचं चित्र आणि त्यावर फुली. इतकी वर्षं ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलंय. आता त्या पानाचा फोटो आमच्या दोघांच्याही फोनमध्ये आहे, टोइंगवाल्याला वाद न घालता दाखवता येईल.

---

कॅरियरवाला

ताई, हे सगळ्यात चांगलं केलंत. मालक तोंडी म्हणतो तेव्हा आमच्यातला एखादा नवखा मुलगा वाद घालतो, पण पुस्तकातलं चित्र दाखवलं की कुणी पुढे बोलत नाही. शिवाय गाडी चढवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो आणि उचलल्यावर चाकं कशी आहेत त्याचा एक फोटो काढा. चांगला टोइंगवाला फोटोला कधी नाही म्हणणार नाही.

---

चौथा_गिअर

शेवटचं काम माझ्याकडून. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सन व्हायजरच्या आत मी कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात, "ऑल व्हील ड्राइव्ह. चारही चाकं वर. दोन चाकांवर नेऊ नये." माझ्याऐवजी घरातलं दुसरं कुणी गाडी घेऊन गेलं आणि अडकलं तर त्यांना हे सगळं आठवायची गरज नको. नवीन कपलिंग बसलंय, रोज सकाळी पार्किंगमधून काढताना पूर्ण वळवून कान देऊन ऐकतो. सध्या आवाज नाही.

---

नवा_स्टिअरिंग

पाना_पक्कड दादा, आज सकाळी आठाचा आकडा काढून बघितला, चार वेळा, दोन्ही बाजूंनी. अडखळत नाही, आवाज नाही. पीटीयूचं तेल शनिवारी बघून घेणार.

पण मागच्या फ्लोअरखालचा फोम उचलला तर जॅक आहे, पाना आहे, आणि ओढायच्या कडीची खाच रिकामी. आधीच्या मालकाने कुठे वापरून तिथेच विसरली असणार. बंपरवरचं झाकण काढून आत टॉर्च मारून बघितलं, आटे उलटेच आहेत. पार्ट नंबर घेऊन कडी मागवलीय, येईपर्यंत लांबचा प्रवास पुढे ढकललाय.